काहूट वर्गात वापरलं: पोरं खूश, पण सगळी नाहीत

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर. उजळणीला काहूट हे क्विझचं ॲप झकास आहे, मार्क द्यायला अजिबात नको, आणि वर्गात वाचायला वेळ लागणारी मुलं बरीच असतील तर टायमर लांबवल्याशिवाय हातच लावू नका. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा फक्त त्या रंगीत पट्ट्यांसाठी, त्याबद्दल खाली सांगतेच.

मी आठवीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, वर्गात एक स्मार्ट टीव्ही, आणि संगणक कक्षात त्या दिवशी चालू असतील तेवढे संगणक. या ॲप्सचे रिव्ह्यू नेटवर ढीगभर आहेत पण सगळे शिक्षकाच्या सोयीचे, म्हणजे रिपोर्ट किती छान येतो, तयार प्रश्नसंच किती मिळतात, तपासणी कशी वाचते वगैरे. तपासणी वाचते हे खरंच आहे हो, गठ्ठे घरी न्यायला लागत नाहीत, त्यासाठी कितीही धन्यवाद दिले तरी कमीच. पण चाचणी खेळ करून घेतली की बाकावर बसलेल्या पोराला आतून काय वाटतं यावर कोणी धड लिहीत नाही, "मुलांना खूप मजा येते" एवढं एक वाक्य टाकतात आणि पुढे सरकतात. मजा येतेच. कोणाला येते आणि कधीपर्यंत येते, ते बघायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. काहूट ही नॉर्वेची गोष्ट. तिथल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात अल्फ इंगे वांग नावाच्या प्राध्यापकांनी २००६ च्या सुमारास लेक्चरमध्येच क्विझ घ्यायचा प्रयोग सुरू केला, त्यातून पुढे कंपनी झाली आणि २०१३ ला ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मोठ्या स्क्रीनवर प्रश्न येतो, खाली चार रंगांत चार पर्याय, लाल त्रिकोण, निळा शंकरपाळा, पिवळा गोल, हिरवा चौकोन. मुलाच्या हातातल्या मोबाईलवर किंवा संगणकावर तेच चार रंग, योग्य रंग दाबायचा. आत यायला पिन टाकायचा आणि स्वतःला एक नाव द्यायचं. वर घड्याळ उलटं चालतं, मागे म्युझिक. मुळात हे कॉलेजच्या लेक्चर हॉलसाठी जन्मलेलं आहे, जिथे प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन आणि वाचनाची अडचण कोणालाच नाही. आमच्याकडे ते आठवीच्या वर्गात येतं तेव्हा थोडं घट्ट होतं, थोडं सैल होतं.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूप आहे. चाचणी म्हटल्यावर वर्गात जी हवा असते ना, वह्या आत, पेन बाहेर, दोघांत अंतर, कोणीतरी शेवटच्या मिनिटाला पुस्तक चाळतंय, एकाला पाणी प्यायला जायचंय, दुसऱ्याच्या पोटात दुखतंय, ती हवाच इथे नसते. पिन टीव्हीवर आला की आरडाओरडा सुरू, नावं एकेक करून स्क्रीनवर टपटप पडायला लागतात, कोणी मिसळपाव, कोणी गब्बर, कोणी नुसतं "मी नाही", एकाने तर मुख्याध्यापकांचंच टोपणनाव टाकलं होतं ते मला हसू दाबत काढायला लागलं. म्युझिकवर माना हलतात. ज्या मुलीने वर्षभरात एकदाही हात वर केला नाही ती टोपणनावाच्या आडून बिनधास्त उत्तर देते, कारण चुकलं तरी वर्गासमोर "अगं बस खाली" म्हणणारं कोणी नाही. कागदावरच्या चाचणीत चूक कळते ती आठवड्याने, लाल पेनाने, आणि वर पालकांची सही आणायची असते. इथे चूक तिथल्या तिथे कळते, त्याच मिनिटाला, आणि पुढचा प्रश्न आलेलाही असतो, रडायला वेळच नाही.

आणि आता त्या पट्ट्या. प्रत्येक प्रश्न संपला की स्क्रीनवर दिसतं की कोणत्या पर्यायावर कितीजण गेले. मला विचाराल तर अख्ख्या काहूटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. दाब म्हणजे काय असा प्रश्न टाकला, "एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने प्रयुक्त असलेलं बल" हे बरोबर उत्तर, आणि निम्मा वर्ग नुसत्या "बल" या पर्यायावर गेला. लाल पट्टी ही उंच! चुकलेल्या पोरांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात, आधी स्वतःच्या स्क्रीनवर फुली दिसते तेव्हा चेहरा पडतो, मग टीव्हीवर पट्टी दिसते आणि एकदम "अरे तू पण?" "तू पण?" सुरू होतं, हशा होतो, आणि त्या हशात कोणी एकटं नसतं. कागदावर चुकणारं पोर एकटंच चुकतं, शेजारच्याचंही तेच चुकलंय हे त्याला कधी कळतच नाही, त्याला वाटतं आपणच ढ. ती उंच पट्टी दिसली की मी खेळ थांबवते आणि तिथेच समजावते, खिळ्याला टोक का असतं, पाठीवरच्या दप्तराचे पट्टे रुंद का असतात, आणि त्या दोन मिनिटांत पोरं जेवढी लक्ष देऊन ऐकतात तेवढी एरवी अख्ख्या तासात ऐकत नाहीत. चुकलेलं असतं ना, आणि चुकल्याची लाज वाटलेली नसते, म्हणून ऐकतात.

आता घड्याळ.

काहूटमध्ये बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि उशीर होईल तसे कमी होत जातात, अगदी शेवटच्या क्षणाला बरोबर दाबलं तर साधारण निम्मे. समजा २० सेकंदांचा प्रश्न आहे. एकाने दोन सेकंदांत बरोबर दाबलं त्याला ९५०, दुसऱ्याने अठरा सेकंद घेऊन बरोबर दाबलं त्याला ५५०. दोघांनाही विज्ञान तेवढंच येतं. पण दहा प्रश्नांनंतर दोघांत चार हजारांचा फरक पडलेला असतो आणि दुसरा पोरगा कुठेतरी खाली असतो, एकही उत्तर न चुकता! हे मुलांना समजावून सांगा बरं. मला वर्गात विचारलंय एकाने, "बाई, माझं सगळं बरोबर होतं ना, मग मी खाली कसा?" मी त्याला फॉर्म्युला सांगितला. फॉर्म्युला त्याला कळला, वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

यात मराठी माध्यमाची आपली एक वेगळी गोम आहे. आधी प्रश्न थोडा वेळ एकटा दिसतो, मग पर्याय येतात आणि घड्याळ सुरू होतं. विज्ञानाचे मराठी शब्द लांबलचक, "सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण", "विद्युतचुंबकत्व", चार पर्याय वाचायलाच हळू वाचणाऱ्या पोराला पंधरा सेकंद जातात. त्यात मूळ पद्धतीत पर्याय टीव्हीवर आणि हातात नुसते रंग, म्हणजे मान वर, मान खाली, परत वर, मागच्या बाकावरून टीव्ही नीट दिसत नाही ते वेगळंच. प्रश्न आणि पर्याय मुलांच्या स्क्रीनवरही दाखवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधी चालू करा, हे मी हात जोडून सांगते. तरीही जो मुलगा अक्षर अक्षर लावून वाचतो त्याच्यासाठी ही विज्ञानाची चाचणी राहतच नाही, वाचनाच्या वेगाची होते, आणि वरून शेवटचे सेकंद जवळ आले की धडधड वाढते. त्याला ते म्युझिक मजेचं वाटत नाही, पाठीमागे कोणीतरी लागल्यासारखं वाटतं. म्युझिक बंद करून बघितलं तर हुशार पोरं कुरकुरली, "बाई मजा गेली", आणि दोनचार मुलं खांदे सैल सोडून बसलेली दिसली. तेव्हापासून मी आवाज अगदी बारीक ठेवते, कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही असं समजा.

जुन्या प्रश्नमंजुषेत, म्हणजे गॅदरिंगला स्टेजवर दोन गट बसवून घ्यायचो ती, त्यात "पास" म्हणायची सोय होती. येत नाही, पास, प्रश्न पुढच्या गटाला. त्यात लाज नव्हती, उलट थोडा रुबाबच असायचा. इथे पास नाही. वेळ संपला की उत्तर न देणाऱ्यालाही चुकीचंच दिसतं. त्यामुळे काही न सुचलं तरी काहीतरी दाबायचं, तुक्का. आणि तुक्का लागला की जो आनंद होतो तो खऱ्या उत्तरापेक्षा मोठा, उड्या मारतात अक्षरशः. यात वाईट काही नाही, खेळच आहे, फक्त त्या उड्या बघून "पोरांना धडा कळला" असं रजिस्टरला लिहू नका.

सगळ्यात अनपेक्षित गोष्ट हुशार मुलांची. मला वाटलं होतं की त्यांची चंगळ होईल. झालं असं की घटक चाचणीत नेहमी पहिली येणारी मुलगी इथे कुठेतरी नववी-दहावी आली, कारण ती विचार करून, चारही पर्याय वाचून, खात्री करून दाबते, तिला आम्हीच तसं शिकवलंय. आणि मागच्या बाकावरचा एकजण, ज्याचा अंगठा गेम खेळून खेळून वाऱ्यासारखा चालतो, तो पोडियमवर, म्हणजे शेवटी पहिले तीन दाखवतात त्यात. वर्गाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही, शाळेत येऊन पहिल्यांदाच अभ्यासाच्या नावाखाली टाळ्या मिळाल्या होत्या त्याला, पुढचे दोन दिवस पठ्ठ्या गृहपाठ करून आला. आणि ती मुलगी मधल्या सुट्टीत डबा न खाता बसून राहिली. म्हणजे त्याच खेळाने एकाला वर काढलं आणि दुसरीची ओळखच हलवली. मला दोन्ही बरं वाटलं आणि दोन्ही खटकलं. तिला कधीतरी नववं यायलाच हवं होतं, असंही एक मन म्हणतं. पण ती हरली ती अंगठ्याला, विज्ञानाला नाही, आणि हे तिला स्वतःला कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं.

लीडरबोर्डबद्दल, म्हणजे कोण कितवा त्या यादीबद्दल, थोडं न्यायाने बोलायला पाहिजे. मोठ्या स्क्रीनवर फक्त वरचे पाचच दिसतात, शेवटचा कोण हे वर्गाला दिसत नाही, हा काहूटवाल्यांचा शहाणपणा. आपल्याकडे नोटीस बोर्डवर पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी यादी लावायचो आपण, आठवतंय ना. पण मुलाच्या हातातल्या स्क्रीनवर त्याचा नंबर येतोच, आणि टोपणनावं ठेवली तरी पाच मिनिटांत कोण कोण ते सगळ्या वर्गाला माहीत असतं. पाच प्रश्न झाले की वरचे पाच जवळपास ठरतात, मग मधली पोरं दोन गटांत वाटली जातात, काही अजून जीव तोडून खेळतात आणि काही सोडून देतात. सोडून दिलं हे ओळखायची खूण म्हणजे पर्याय आले की न वाचताच रंग दाबून मोकळं होणं, वर हसणं. ते हसणं बघून पाहुणे शिक्षक म्हणतात, वा, काय एंजॉय करतायत! वर्गातल्या बाईला ते हसणं कुठलं ते कळतं.

यावर अभ्यासही झालाय. तेच वांग आणि त्यांच्या सहकारी राबैल ताहिर यांनी २०२० ला काहूटवरचे ९३ अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, निष्कर्ष एकूण चांगलाच, शिकणं सुधारतं, वर्गातलं वातावरण सुधारतं, ताणही कमी होतो. पण त्याच आढाव्यात मुलांच्या तक्रारीही नोंदवल्यात आणि त्या वाचून मला माझाच वर्ग दिसला: वेळेचं दडपण, उत्तर द्यायला वेळ न पुरणं, एकदा दाबलेलं बदलता न येणं, हरायची भीती, एक चुकलं की परत वर येणं अवघड, स्क्रीनवरचं वाचायला त्रास, नेट नीट नसणं. आता लिहिणाऱ्यांपैकी एकजण काहूटच्या जन्मदात्यांपैकीच आहे हे लक्षात ठेवून वाचा, पण त्यांनी तक्रारी लपवल्या नाहीत हे मान्य करायला पाहिजे. ताण कमी होतो आणि दडपण येतं, दोन्ही एकाच कागदावर, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. मार्कांचा ताण कमी होतो. बघणाऱ्यांचा वाढतो. पेपरात फक्त बाई बघतात, इथे शेजारचा बघतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराला बाईपेक्षा शेजारच्याचं जास्त असतं.

म्हणूनच मार्क धरायचे नाहीत या मतावर मी ठाम आहे. आमच्याकडे आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावर गुण देतो त्यात, हे बसवता येईल का अशी चर्चा स्टाफरूममध्ये झाली होती, सोयीचं तर आहेच, एक्सेल शीट आयती मिळते. एकदा नुसतं म्हणून बघा की आजचे गुण धरणार आहे, वर्ग बदलतो. टोपणनावं जातात, हजेरी क्रमांक येतात, हातांनी स्क्रीन झाकल्या जातात, "बाई त्याने बघितलं" सुरू होतं, आणि नेट अडकलं तर डोळ्यांत पाणी. आठवीचं तर जास्तच, २०२३ च्या शेवटी शासनाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हायची अट परत आणली, तेव्हापासून घरी त्याच गोष्टी ऐकून येतात पोरं. खेळाची धडधड अधिक मार्कांची भीती, दोन्ही एकदम कशाला द्यायचं. काहूटमध्ये प्रश्नाला गुणच न ठेवण्याची सोय आहे, मी पहिले दोनतीन प्रश्न बिनगुणांचे ठेवते, हात बसतो, हसून होतं, मग पुढे.

टीम मोड मला फार आवडला. नाइलाजाने सुरू केला होता, संगणक पुरत नव्हते म्हणून. चौघांत एक संगणक, उत्तराआधी आपसात बोलायला थोडे सेकंद मिळतात. काय फरक पडतो! हरलं तर चौघं हरतात. हळू वाचणाऱ्याला शेजारची वाचून दाखवते, अंगठेवाला दाबायला बसतो, विचार करणारी विचार करते, आणि भांडणं होतात ती विज्ञानावरून, "अरे प्रोटॉन नाही रे, इलेक्ट्रॉन बाहेर फिरतात", हे मी कान देऊन ऐकत उभी असते. यातही एखादा गट एकाच पोरीच्या जिवावर चालतो आणि तिघं नुसती बघे असतात, गट मुद्दाम पाडायला लागतात. पण रडलेलं कोणी बघितलं नाही अजून टीम मोडमध्ये.

क्विझिझबद्दल विचारतील लोक म्हणून थोडक्यात. बंगळुरूची कंपनी, २०१५ ची, २०२५ मध्ये नाव बदलून वेग्राउंड केलंय त्यामुळे शोधताना गोंधळू नका. तिथे प्रश्न आणि पर्याय दोन्ही मुलाच्याच स्क्रीनवर आणि प्रत्येकजण आपल्या गतीने पुढे जातो, टायमर काढून टाकता येतो, लीडरबोर्ड लपवता येतो. मध्ये मध्ये चित्रविनोद येतात. घरी करायला देण्यासाठी काहूटपेक्षा हे बरं. पण वर्गात मात्र सगळ्यांनी एकाच वेळी "आऽऽ" करण्यातली जी गंमत आहे ती यात नाही, प्रत्येकजण मान खाली घालून आपापल्या स्क्रीनमध्ये. लाजाळू मुलांना हे आवडतं. मला वर्ग शांत झालेला फारसा आवडत नाही, हा माझा दोष धरा.

एका ॲपचं नाव मी घेणार नाही, शाळेत डेमो द्यायला आले होते, टाय घातलेले, आणि काही पालकांनी वर्षाचे पैसे भरले. घरच्या घरी चाचणी, बरोबर उत्तराला नाणी, नाण्यांनी पात्राला टोपी-चष्मा घ्यायचा, रोज खेळलं तर आगीची साखळी, एक दिवस चुकला की साखळी तुटली, आणि दर रविवारी पालकांच्या फोनवर निकाल, तुमचा पाल्य राज्यात अमुक क्रमांकावर. पहिले पंधरा दिवस घराघरात आनंद. मग एका आईने सांगितलं की पोरगा आजीच्या तेराव्यालासुद्धा कोपऱ्यात बसून साखळी वाचवत होता. दुसरा एकजण तेच सोपे प्रश्न परत परत सोडवून नाणी जमवायचा, अवघड धड्याला हात नाही, का तर "तिथे नाणी कमी पडतात बाई". त्याला काय बोलणार, हिशोब बरोबर आहे त्याचा. १९७३ ला अमेरिकेत लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं त्यांच्यातल्या काहींना चित्राबद्दल बक्षीस द्यायचं आधी कबूल केलं, दिलं, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. नाण्यांचं ॲप बंद झाल्यावर आमच्या पोरांचं विज्ञान काही अंशी तसंच झालं. आणि रविवारचा तो मेसेज, त्याने खेळाचा परत पेपर केला, फक्त दर आठवड्याला. एक स्टार, तोही चित्रं चांगली होती म्हणून.

आता माझं लाडकं, प्लिकर्स. हे ज्यांच्याकडे मुलांसाठी एकही मोबाईल नाही त्यांनी नक्की करा. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळं-पांढरं ठिपक्यांचं चौकोनी चित्र, चारही बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. जे उत्तर ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, बाई मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं काय उत्तर ते फोनवर दिसतं. कार्ड छापून घेता येतात, एकदा केली की वर्षभर. पुस्तकातल्या क्यूआर कोडची आपल्या पोरांना सवय आहेच, पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा तर सगळ्या वाड्यावस्त्यांवर कोड म्हणजे काय ते कळलं होतं, त्यामुळे "हे पण कोडच ना बाई?" एवढंच विचारून कामाला लागतात.

आणि भावनेच्या बाजूने बघाल तर काहूटचं जे नडतं ते यात नाहीच. वेगाला गुण नाहीत. शेजारच्याला तुमचं उत्तर कळत नाही, कारण प्रत्येकाचं चित्र वेगळं आणि अक्षर एवढं बारीक की दोन बाकांवरून वाचता येत नाही. मन बदललं तर कार्ड फिरवायचं, मी कॅमेरा बंद करेपर्यंत मुभा. हे कार्ड फिरवणं फार बोलकं असतं, कोणीतरी ए धरलंय, मग खिडकीबाहेर बघतो, विचार करतो, हळूच सी करतो, आणि मला ते दिसतं. काहूटमध्ये तो विचार करतोय हेच मला कधी दिसलं नव्हतं. उत्तराची पट्टी इथेही टीव्हीवर दाखवता येते, म्हणजे "तू पण?" ची मजा शाबूत. उड्या, आरडाओरडा, पोडियम यातलं काही नाही हे खरं, आणि काहूटची चटक लागलेल्या वर्गाला पहिल्या दिवशी हे अळणी लागतं. चार स्टार.

पालकसभेत "शाळेत मोबाईलवर खेळायला लावता काय" हा प्रश्न येणारच, तयारीत राहा. मी एवढंच सांगते की आठवून उत्तर दिल्याने जे डोक्यात राहतं ते नुसतं परत परत वाचून राहत नाही, रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ ला हे प्रयोग करून दाखवलंय, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचलेली मुलं पुढे आणि आठवड्याने विचारलं तर चाचणी दिलेली पुढे. म्हणजे छोट्या छोट्या चाचण्या हव्यातच, फक्त त्या दिल्या की पोट दुखायला नको. एक बाबा म्हणाले, "आमच्या वेळी छडी होती, तरी लक्षात राहायचं." मी विचारलं, पास्कलचा नियम सांगा. सगळी सभा हसली, ते पण हसले, बरं झालं.

आता कोणी उद्याच सुरू करणार असेल तर माझं सेटिंग असं: प्रश्न छोटे, तीन ओळींच्या आत, पर्याय शक्यतो दोनतीन शब्दांचे. टायमर किमान ६० सेकंद, आकडेमोडीला १२०, आणि सगळ्यांनी उत्तर दिलं की घड्याळ आपोआप थांबतं त्यामुळे वेळ वाया जाईल ही भीती सोडा. लांब टायमर ठेवला की वेगामुळे पडणारा फरकही कमी होतो, पाच सेकंद उशिराची किंमत २० सेकंदांच्या प्रश्नात १२५ गुण असते ती ६० च्या प्रश्नात चाळीसच्या आसपास येते. महिन्यातून एकदोनदाच, रोज केलं तर जादू जाते. पहिल्या तीन नंबरांना चॉकलेट वगैरे देऊ नका. खेळ संपल्यावर रिपोर्ट उघडून सगळ्यात जास्त चुकलेला प्रश्न फळ्यावर घ्या, कोणाचा चुकला ते न बोलता.

पैसे भरायची गरज मला तरी पडली नाही, फुकटच्या आवृत्तीत किती मुलं घेता येतात ते मात्र अधूनमधून बदलतं, त्यामुळे तास सुरू व्हायच्या आधी खातं उघडून बघा. आणि प्लिकर्सची कार्डं लॅमिनेट करणार असाल तर चकचकीत करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. जाड कार्डशीटवर छापा, कडेला रोल नंबर मोठा लिहा, आणि पोरांना पहिल्याच दिवशी सांगा की बोटं चित्रावर येऊ द्यायची नाहीत, नाहीतर अर्धा तास "बाई माझं आलं का, माझं आलं का" यातच जातो.